आधी सफारी, मग समुद्र: निपाणीहून केनियाला जाणाऱ्या कुटुंबासाठी

प्रश्न असा आहे. निपाणीचं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, १४ आणि ९ वर्षांची मुलं, शिवाय ७२ वर्षांचे वडील, ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. हातात ११ दिवस. आफ्रिकेतली सफारी आणि समुद्रकिनाऱ्यावरची विश्रांती एकाच फेरीत बसवायची आहे. जेवण शाकाहारी. विचार मे महिन्याच्या सुट्टीत जायचा. केनिया घ्यावं की टांझानिया, आणि दिवस कसे वाटावेत?

सगळ्यात आधी मे महिना डोक्यातून काढा. आपल्याकडच्या शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते आणि पूर्व आफ्रिकेत नेमका तोच मोठा पाऊस. मार्चअखेरीला सुरू होतो तो मे संपेपर्यंत. अथणीकडची काळी रानं पावसात कशी पायाला धरतात हे तुम्हाला सांगायला नको. केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या बऱ्याच भागात तशीच काळी चिकट माती आहे आणि तिच्यात लँड क्रूझरही रुतते. गवत उंच वाढतं, पाणी जागोजागी मिळत असल्याने जनावरं पांगतात. किनाऱ्यावर आकाश भरलेलं, पाणी गढूळ, आणि कित्येक हॉटेलं या दोन महिन्यांत दुरुस्तीसाठी बंदच असतात. मेमधले दर स्वस्त दिसतात ते यामुळे.

तुमच्यासाठी खरी खिडकी म्हणजे ऑक्टोबरमधली दसऱ्याची सुट्टी. कर्नाटकातल्या शाळांना ती मिळते हा सीमाभागातल्या लोकांचा फायदाच आहे. महाराष्ट्रातली गर्दी दिवाळीत निघते, तोवर नोव्हेंबरचा छोटा पाऊस तोंडावर आलेला असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विल्डबीस्टचे (हरणांच्या जातीतली मोठी, शिंगं असलेली जनावरं) कळप बहुधा माराच्या बाजूलाच असतात. साधारण १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे वर्षभर टांझानियातलं सेरेंगेटी अभयारण्य आणि मारा असं चक्र फिरतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, मारा नदीच्या आसपास. डिसेंबर ते मार्च दक्षिणेला, नडुटूच्या गवताळ मैदानात, जिथे फेब्रुवारीत पिल्लं जन्मतात. समुद्राच्या बाजूनेही ऑक्टोबर चांगला. जून ते सप्टेंबर वाहणारा आग्नेयेकडचा जोराचा वारा तोवर पडलेला असतो आणि डिसेंबरचा ईशान्येचा वारा अजून सुरू झालेला नसतो, त्यामुळे पाणी शांत आणि नितळ मिळतं. ऊस कारखान्याला जायच्या आधीची ही वेळ, म्हणजे शेती असलेल्यांनाही अडचण नाही.

आता क्रम. आधी सफारी, मग समुद्र. उलटं कधीही नको. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. कॅम्पमध्ये पहाटे साडेपाचला उठवतात तेव्हा आपल्या अंगाला आठ वाजलेले असतात, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस मुलंसुद्धा कटकट न करता उठतात. हा फायदा किनाऱ्यावर झोपून घालवला की पुन्हा मिळत नाही. दुसरं, सफारीची एक रात्र किनाऱ्यावरच्या दोन-तीन रात्रींच्या किमतीची असते. छोटी विमानं हवामानामुळे उशिरा येतात, कधी रद्द होतात. किनारा आधी ठेवला आणि तिथून निघायला एक दिवस उशीर झाला तर बुडते ती महागडी रात्र. तिसरं साधं आहे: चार दिवस धूळ आणि धक्के खाल्ल्यावर माणसाला पाणी हवंसं वाटतं.

एक अपवाद मात्र पाळा. उतरल्या उतरल्या जंगलाकडे पळू नका, पहिली रात्र शहरात काढा. सामान मुंबईत राहिलं तर ते दुसऱ्या दिवशी नैरोबीत मिळू शकतं. माराच्या धावपट्टीवर ते पोहोचवणं फार कठीण.

११ दिवसांत तिथल्या रात्री ९ धरा. त्यांत तीन अभयारण्यं, दोन किनारे आणि वर नैरोबी दर्शन असं कोंबलेलं वेळापत्रक कुणी दिलं तर ते परत करा. दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे पूर्ण दिवस फक्त एक. म्हणून मोठ्या अभयारण्यात शक्यतो तीन रात्री हव्यात.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत (नावापुढचा आकडा म्हणजे रात्री). पहिला, केनिया विमानाने: नैरोबी १, मारा ३, डियानी बीच (मोंबासाच्या दक्षिणेचा किनारा) ४, पुन्हा नैरोबी १. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान तासाभरात मारात उतरवतं. रस्त्याने हेच अंतर पाच-सहा तासांचं. मारातून डियानीजवळच्या उकुंडा धावपट्टीपर्यंत छोट्या विमानाची सोय आहे आणि तिथून हॉटेल काही मिनिटांवर. दुसरा रस्ता, केनिया गाडीने: नैरोबी १, अंबोसेली २, त्सावो २ (दोन्ही अभयारण्यं), डियानी ४. यात मागे फिरावं लागत नाही, आपण किनाऱ्याकडे उतरतच जातो. किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती, त्सावोच्या तांबड्या मातीत न्हालेले हत्ती, मझिमा झऱ्यातले पाणघोडे हे सगळं मिळतं, पण माराएवढे सिंह आणि कळप नाहीत. परतताना मोंबासा ते नैरोबी २०१७ मध्ये सुरू झालेली रेल्वे साधारण पाच-सहा तासांत पोहोचवते. पहिल्या आणि दुसऱ्या दर्जाची तिकिटं आधी काढावी लागतात. तिसरा, टांझानिया: अरुशा शहर १, करातू गाव १, सेरेंगेटी ३, झांझिबार बेट ४. जाताना रस्त्याने, गोरोंगोरो विवर (जुन्या ज्वालामुखीचा खोलगट वाडगा, आत जनावरं) बघत. सेरेंगेटीतून विमानाने थेट बेटावर. मुंबई-अदिस अबाबा-किलिमांजारो असं जाऊन झांझिबारहून अदिसमार्गे परत, असं एकच तिकीट इथिओपियन एअरलाइन्सवर निघतं आणि उलटा प्रवास वाचतो.

वडील आणि ९ वर्षांचं मूल सोबत असताना मी पहिला रस्ता निवडेन. अरुशा ते सेरेंगेटीचा मध्य हे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे आणि शेवटचा मोठा टप्पा खडीच्या, पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या रस्त्याचा. तरुण पाठीला ते काही नाही, ७२ वर्षांच्या कमरेला आहे. शिवाय विवराचा काठ सुमारे २३०० मीटर उंचीवर. रात्री चांगलीच थंडी पडते. पैशांचा ताण असेल तर दुसरा रस्ता घ्या, तो मुळीच दुय्यम नाही.

पैशांचं गणित आधीच समजून घ्या. मसाई मारा राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, तेही सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या १२ तासांसाठी. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. तुमच्या कुटुंबाला ऑक्टोबरमध्ये दिवसाला ७०० डॉलर झाले, तीन दिवसांचे २१००, आणि यात गाडी, जेवण, मुक्काम काहीच नाही. टांझानियात सेरेंगेटीला मोसमात करासह प्रौढाला ८२.६० डॉलर पडतात, पण गोरोंगोरो विवरात उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचे वेगळे २९५ डॉलर आहेत आणि उद्यानाच्या आत राहिलात तर मुक्कामाचं शुल्क निराळं. म्हणून दरपत्रक हातात आलं की पहिला प्रश्न हाच: प्रवेशशुल्क किती दिवसांचं धरलंय? स्वस्त वाटणाऱ्या पॅकेजात बऱ्याचदा येण्याच्या आणि जाण्याच्या दिवसाचं शुल्क धरलेलं नसतं, आणि ते गेटवर भरावं लागतं.

दुसरा प्रश्न गाडीचा. 'गाडी' एवढाच शब्द पुरत नाही. लँड क्रूझर की छत उघडणारी व्हॅन, आणि ती फक्त आपली की बाकीच्यांसोबत, हे लेखी घ्या. पाच माणसांना स्वतंत्र लँड क्रूझर हाच योग्य हिशेब. व्हॅनमध्ये अनोळखी लोकांसोबत बसलात तर कुणाला पक्षी बघायचे असतात, कुणाला फक्त सिंह, आणि वडिलांना परत जायचं असलं तरी जाता येत नाही. वडिलांना चालकाशेजारी किंवा मधल्या रांगेत बसवा. मागची रांग मागच्या चाकांवर येते, खड्ड्याचा सगळा दणका तिथे बसतो. कमरेमागे ठेवायला एक छोटी उशी आणि पायाखाली घ्यायला दुमडलेली शाल, इतकं केलं तरी फरक पडतो.

उद्यानात ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही, आणि अशा जागा तासा-दीड तासाच्या अंतरावर असू शकतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल तर ती सकाळी निघण्याआधी घ्यावी की दुपारी परतल्यावर, हे डॉक्टरांना आधी विचारा. ही बारीक गोष्ट कुणी बोलत नाही आणि मग ज्येष्ठ माणसं पाणी पिणंच बंद करतात, जे त्या उन्हात धोक्याचं आहे. चालकाला मोकळेपणाने सांगा. सुरक्षित, उघडी जागा बघून गाडीच्या आडोशाला सोय करून देणं हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

दिवसाची आखणी अशी ठेवा: सकाळी ६ ते १०, मग परत, आणि दुपारी साडेतीन-चारला पुन्हा. उन्हाच्या वेळी सिंह झोपतात, बिबट्या फांदीवर पसरतो. फक्त नदीपाशी कळप उतरण्याची वाट बघायची असेल तेव्हा डबा घेऊन पूर्ण दिवस काढावा लागतो. त्या दिवशी वडिलांनी कॅम्पवर थांबावं. विल्डबीस्ट काठावर तासन्‌तास घुटमळतात, पाच पावलं उतरतात, एखाद्या सावलीला बिचकून सगळे मागे वळतात. पुढचा एक उतरला की मात्र धूळ, शिंगं, पाण्याचा आवाज एकदमच सुरू होतो. गाड्या काठाला भिडल्या तर कळप त्या जागेवरून उतरतच नाही. चालकाला 'पुढे घ्या' म्हणू नका. लांब, इंजिन बंद करून थांबणाराच चालक चांगला, त्याला शेवटी बक्षिसीही मनापासून द्या. गाडीमागे दिवसाला १५-२० डॉलर ही रीत आहे.

राखीव क्षेत्राला लागून मसाई जमीनमालकांच्या जमिनीवर संवर्धन क्षेत्रं आहेत: नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी. तिथे एका जनावरापाशी मोजक्याच गाड्या थांबू देतात आणि रात्रीची सफारीही करता येते. खर्च जास्त, पण गर्दी नको असेल तर तीनपैकी दोन रात्री तिथे घालवणं मला जास्त पटतं. पायी सफारीला बहुतेक कॅम्प १२ वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, धाकट्याला आधी सांगून ठेवा.

सामानाबाबत नियम कडक आहे. छोट्या विमानात माणशी १५ किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सुटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात मावत नाही, वजन बसलं तरी. पहिल्या रस्त्यात शेवटची रात्र नैरोबीतच असल्याने मोठी बॅग त्याच हॉटेलात ठेवून जाता येते. काळे आणि गडद निळे कपडे नकोत, त्सेत्से माशा त्याच रंगांकडे झेपावतात. लष्करी छाप्याचे कपडे आणि ड्रोन घरीच ठेवा. ड्रोन विमानतळावर जप्त होतो. ८×४२ ची एक दुर्बीण घरात असेल तर न्या, नसेल तर दोघांत एक विकत घ्या. मुलं भांडतात ती दुर्बिणीवरूनच. पहाटेच्या उघड्या गाडीत स्वेटर आणि कानटोपी लागते, आफ्रिका म्हणून उकाडाच असेल असं धरू नका.

खाऊ नेणार हे गृहीत आहे. भडंग, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, लाडू बिनधास्त न्या. कुंदा नको, तो प्रवासाच्या उष्णतेत टिकत नाही. पण प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत. केनियाने त्यांच्यावर ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियाने जून २०१९ पासून बंदी घातली आहे, आणि केनियाच्या अभयारण्यांत एकदाच वापरायचं प्लास्टिकही चालत नाही. कापडी पिशव्या आणि झाकणाचे स्टीलचे डबे वापरा. आणि हे डबे तंबूत ठेवू नका, कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. वानरांना तंबूची चेन उघडता येते. लाडवाचा वास आला की ती आत शिरून अंथरुणावर पसारा करतात, आणि रात्री याच वासाने मोठी जनावरंही जवळ येतात.

शाकाहाराची काळजी लोक वाजवीपेक्षा जास्त करतात. नैरोबी आणि मोंबासात गुजराती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, भारतीय जेवण सहज मिळतं. चपाती तर केनियाचंच रोजचं अन्न झालंय. अडचण येते ती लहान कॅम्पमध्ये, जिथे स्वयंपाकी चिकनला मांसात धरत नाही. आरक्षणाच्या वेळीच लिहा: मटण, चिकन, मासे नको, अंडं चालतं की नाही तेही. डाळ, भात, नारळाच्या रसातला राजमा आणि 'सुकुमा विकी' ही पालेभाजी मागा. ती त्यांना उत्तम जमते.

आता आरोग्य, आणि इथे मुळीच घाई करू नका. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारत सरकार पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतं. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. तुम्हाला गोव्यातल्या मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय, मुंबई किंवा बेंगळुरू यांसारख्या केंद्रांतून निवडावं लागेल; वार आणि वेळ ठरलेले असतात, आधी नोंदणी करा. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी ती टोचलेली हवी, आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका, तो विरळा असला तरी, वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर ही लस देत नाहीत. म्हणून वडिलांची तपासणी तिकिटाच्या आधी करा, नंतर नाही. त्यांना लस घेता येणार नसेल आणि लशीतून सूट देणारं पत्र घ्यावं लागणार असेल, तर परतताना काय विचारतील हे त्याच केंद्रात स्पष्ट करून घ्या.

मलेरियाची गोळी मारा आणि किनारा दोन्हींसाठी लागते. सफारी आणि समुद्र एकत्र करताना इथे हमखास गोंधळ होतो. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, पण ती घेतल्यावर त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. सफारीत हे कळत नाही, डियानीच्या वाळूवर पहिल्याच दिवशी खांदे भाजून निघतात. शिवाय ती परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवसांत संपते. कुठली घ्यायची आणि मुलांना किती, हे डॉक्टर ठरवतील. औषध आयत्या वेळी मिळेल असं मात्र धरू नका. 'आता जंगल संपलं' म्हणून किनाऱ्यावर गोळी बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक.

विमा घेताना रक्तदाब लपवू नका आणि जंगलातून विमानाने हलवण्याची सोय त्यात आहे का बघा. नैरोबीची ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था पर्यटकांसाठी तशी योजना देते.

कागद थोडक्यात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली आहे. खर्च माणशी ३० डॉलरच्या आसपास, मुलांचाही वेगळा अर्ज, आणि फक्त सरकारी संकेतस्थळावर. दिसायला तशीच खासगी संकेतस्थळं दुप्पट पैसे घेतात. टांझानियाचा ई-व्हिसा ५० डॉलरचा, आणि झांझिबारला ऑक्टोबर २०२४ पासून ४४ डॉलरचा तिथलाच विमा सक्तीचा आहे, आपला विमा असला तरी. पूर्व आफ्रिकेचा १०० डॉलरचा एकत्र व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडासाठी आहे. टांझानिया त्यात नाही, यावर बरेच जण फसतात. पासपोर्ट सहा महिने बाकी हवा. सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) मुंबईचं विमान त्याच दिवसाचं पकडू नका, आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा. परतताना विल्सन आणि नैरोबीचा मुख्य विमानतळ हे दोन वेगळे विमानतळ आहेत आणि मधली वाहतूक कोंडीची; शेवटची रात्र नैरोबीत धरली आहे ती यासाठीच.

राहिला समुद्र. गोवा आणि मालवण तुमच्या हाताशी आहेत, तेव्हा नुसत्या वाळूसाठी इतक्या लांब जाण्यात अर्थ नाही. तिथे वेगळं आहे ते प्रवाळाचं कुंपण. किनाऱ्यापासून काही अंतरावर ते लाटा अडवतं, आत उथळ, नितळ पाणी, आणि चष्मा-नळी लावून रंगीत मासे बघता येतात. पण याच रचनेमुळे ओहोटीला पाणी खूप आत जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि त्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी असते, म्हणजे न्याहारी करून निघालात की समोर फक्त ओला चिखल. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, फरक कमी आणि सकाळी भरती. घरातलं पंचांग उघडून किनाऱ्याचे चार दिवस अष्टमीभोवती बसवा. जमलं नाही आणि झांझिबार घेतलंत तर उत्तरेचं नुंगवी किंवा केंदवा निवडा, तिथे दिवसभर पोहता येतं. पूर्वेच्या पाजे-जांबियानीत पाणी किलोमीटरभर मागे सरतं. ते पतंगाच्या जोरावर लाटांवरून धावणाऱ्यांचं ठिकाण. कुठेही पाण्यात रबरी बूट घालूनच उतरा, समुद्री साळूचे काटे तळव्यात मोडले की निघत नाहीत. स्कूबा केलंत तर शेवटच्या बुडीनंतर २४ तास विमानात बसू नका. डॉल्फिनमागे बोटी पळवणाऱ्या सहली घेऊ नका. त्या जनावरांना हैराण करतात, आणि दिसते ती फक्त एक पाठ. झांझिबारच्या गावांत आणि मोंबासाच्या जुन्या भागात खांदे-गुडघे झाकलेले असावेत.

परतल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत घरात कुणालाही ताप आला, तर निपाणीच्या किंवा बेळगावच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य 'आम्ही आफ्रिकेत जाऊन आलो' हेच सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही.